होणाऱ्या बाईंचे सतरा चिंचोके

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या पाठाला सतरा चिंचोके पडले. हे काही मी अभिमानानं सांगत नाही, पण लपवून तरी काय करू? आमच्या बी.एड. कॉलेजात तो उच्चांक होता, आणि माझ्या माहितीप्रमाणं तो अजून कुणी मोडलेला नाही.

चिंचोके आमच्या सरांचे. केजला कॉलेज होतं, चार खोल्या स्लॅबच्या आणि दोन पत्र्याच्या, आणि सर आम्हाला अध्यापन पद्धती शिकवायचे. पँटच्या उजव्या खिशात मूठभर चिंचोके, शर्टाच्या खिशात खडूचा एक तुकडा. अख्खा खडू त्यांनी कधी हातात धरला नाही. "नवा खडू आला की मानूस लई बोलतो," म्हणायचे. जवळच्या शाळेत आमचे सराव पाठ असले की बाकीचे प्राध्यापक खुर्ची मागवून पंख्याखाली बसायचे. सर जाऊन शेवटच्या बाकावर पोरांच्या मधे बसायचे. बाक सातवीच्या पोरांचा आणि सर सहा फूट, त्यामुळं गुडघे पार हनुवटीला लागायचे. शिकवणारा पोरांना सोडून एकटाच बोलत सुटला, की सर एक चिंचोका बाकावर ठेवायचे. टक. पुन्हा सुटला की दुसरा. टक. आपलं तोंड फळ्याकडं असलं तरी तो आवाज बरोबर पाठीत यायचा.

पाठ संपला की ते चिंचोके मोजायचे, आकडा वहीत टाकायचे आणि खाली एका ओळीचा अभिप्राय लिहायचे. माझ्या वहीत लिहिलं होतं, "पाठ चालू होता. मुले बाहेर होती."

मी मूळची तापट. माहेरी नेकनूरला मला सगळे फटाकडी म्हणायचे. मी वही घेऊन तडक सरांसमोर उभी राहिले.

"सर, एकपण मूल बाहेर गेलं नाही. मी दाराला आतून कडी लावलती."

"तेच तर म्हंतो मी," सर शांतपणे म्हणाले. "कडी लावली तरी गेले. तुमी गुंतवायला पाहिजे होतं, होणाऱ्या बाई."

होणाऱ्या बाई! हे आणखी एक. बाकी कॉलेजांत पहिल्या दिवसापासून पोरांना सर आणि पोरींना मॅडम म्हणायची पद्धत असते, तेवढंच बरं वाटतं. आमचे सर सगळ्या पुरुषांना "होणारे गुरुजी" म्हणायचे आणि आम्हा बायकांना "होणाऱ्या बाई". त्यातला 'होणारे', 'होणाऱ्या' हा शब्द कधी गळायचा ते त्यांचं ते ठरवायचे. दोन वर्षांत कुणाचा गळाला, कुणाचा शेवटपर्यंत चिकटून राहिला. एकदा मी केजच्या स्टँडवर धारूरची गाडी धरायला पळत होते, तर समोरून सर भर गर्दीत ओरडले, "होणाऱ्या बाई, दमानं!" सगळ्या स्टँडनं माझ्या पोटाकडं बघितलं. एका म्हातारीनं तर उठून मला जागा दिली. मी बसले, काय करणार.

आता मी तिथं कशी पोचले ते सांगते. माझं सासर दिंद्रुडचं, कापडाचं दुकान. माणसं देवाधर्माची, सोमवार चुकवायची नाहीत, आणि दुकान तर कधीच चुकवायची नाहीत. लग्नानंतर तीन वर्षं मी दुकानात बसून ब्लाऊजपीस जुळवले. मग एक दिवस जेवताना म्हणाले, मला बी.एड. करायचंय. नवरा स्वभावानं मऊ, तो "बघ बुवा" म्हणाला आणि भात कालवत राहिला. सासऱ्यांनी मात्र हात धुतले, गादीवर बसले आणि निकाल दिला.

"दोन वर्षं दिली. तिसरं न्हाई. एका दमात पास झालीस तर मास्तरीन हो, आमाला भूषणच हाय. कुठं अडकलीस तर मुकाट्यानं दुकानात ये. मंजूर?"

"मंजूर, मामा," मी म्हणाले. दिंद्रुडहून धारूरच्या घाटातून रोज जीप, पुढच्या सीटवर चौघं, आणि मांडीवर पाठाची टाचणवही. पुस्तकी परीक्षेची मला भीती नव्हती. भीती होती ती शेवटच्या पाठाची. बाहेरचा परीक्षक येतो, मागं बसतो, आणि चाळीस मिनिटांत तुमचं सगळं ठरवतो. त्यात नापास म्हणजे पुन्हा एक वर्ष. मला ते एक वर्ष मिळणारच नव्हतं. आणि मी सतरा चिंचोक्यांची बाई!

सरांचं छात्राध्यापक मंडळ हे एक वेगळंच प्रकरण होतं. होऊ घातलेल्या शिक्षकांची संघटना म्हणजे अध्यक्ष, सचिव, सहलप्रमुख, आणि वर्षातून एकदा हारतुरे, असा सगळीकडं रिवाज. आमच्या वर्गात एक होते, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागं कायम चार जण. त्यांनी ॲडमिशनच्या दुसऱ्या आठवड्यात गेटवर बॅनर लावलं, "भावी अध्यक्ष". सरांनी बॅनर वाचलं, नीट मान हलवली आणि म्हणाले, "झ्याक हाय. निवडणूक उद्या शाळेत."

निवडणूक म्हणजे काय, तर पाचवीच्या मोकळ्या तासाला एकेका उमेदवारानं दहा मिनिटं आत जायचं. ओरडायचं नाही, छडी नाही, गप्प बसा म्हणायचं नाही. दहा मिनिटांनी पोरं "जाऊ नका" म्हणाली पाहिजेत. भावी अध्यक्ष आत गेले आणि चौथ्या मिनिटाला बाहेर आले. पांढऱ्या शर्टावर पाठीमागं शाईचा पंजा उमटला होता. "काहून बाहेर आलात, होणारे गुरुजी? अजून सहा मिनिटं हायेत की," सर म्हणाले. निवडून आले ते एक गप्प गप्प राहणारे गृहस्थ. त्यांनी पोरांना घरच्या म्हशीची नक्कल करून दाखवली होती, पोरं त्यांना दारापर्यंत सोडायला आली. बॅनर मात्र पावसाळ्यापर्यंत तसंच होतं.

पण खरी कमाल पुढंच आहे. विद्यापीठाचं पत्र आलं, की प्रत्येक कॉलेजानं भावी शिक्षकांना मार्गदर्शन करण्यासाठी एक सल्लागार मंडळ नेमावं, "अध्यापनाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले" सात सदस्य घ्यावेत. प्राचार्यांच्या डोक्यात नावं तयार होती, गावातले दोन पुढारी, संस्थेतले तिघं आणि दोन व्याही. काम मात्र कुणालाच नको, म्हणून यादी करायला सरांना सांगितलं. सरांनी यादी केली, प्राचार्यांनी न वाचता सही ठोकली, शिक्का बसला. सातही नावं जवळच्या शाळेतल्या सातवीच्या पोरापोरींची.

पंधरा दिवसांनी प्राचार्यांना कळलं. ते पत्र्याच्या खोलीत आले तेव्हा आम्ही तिथंच होतो. 

"अहो सर, ही काय चेष्टा हाय का? ही पोरं सल्लागार?"

"पत्रात काय लिव्हलंय बघा, साहेब. अध्यापनाचा प्रत्यक्ष अनुभव. सात वर्षं झाली, रोज सहा तास ही पोरं अध्यापन सोसतेत. यांच्याएवढा अनुभव तुमाला न्हाई आन् मलाबी न्हाई."

 यादी विद्यापीठाकडं कधीच गेलेली होती. "बैठकीला चहापानी साधंच ठेवा," एवढं म्हणून प्राचार्य गेले.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मंडळाची बैठक लिंबाखाली भरायची. सल्लागार खुर्च्यांवर, पाय लोंबकळत. आम्ही पन्नास जण खाली सतरंजीवर. बिस्किटं सल्लागारांना, आम्हाला नुसता चहा. अध्यक्ष होती आरती, दोन वेण्या, समोरचा एक दात किंचित तुटका, आणि बोलणं सरळसोट. सल्ला देताना तिला कुणाचीच भीड वाटायची नाही. एका होणाऱ्या गुरुजींना तिनं सांगितलं, "सर, तुमी चांगलं शिकवता. पण समजलं का, समजलं का, लई विचारता. आमी हो म्हंतो. तुमाला बरं वाटावं म्हून." ते गृहस्थ चाळिशीचे होते, दोन मुलांचे बाप. आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. नंतर मात्र त्यांचे पाठ ऐकायला बाजूच्या वर्गातली पोरं खिडकीत यायला लागली.

माझी पाळी आली तेव्हा मी आधीच कमरेला पदर खोचून बसले होते.

"मॅडम," आरती म्हणाली, "तुमी आमच्याकडं बघतच न्हाईत. वहीकडं बघता, मंग घड्याळाकडं, मंग भिंतीकडं. आमाला वाटतं तुमी भिंतीलाच शिकवायलात."

बाकीचे सहा सल्लागार गंभीरपणे माना हलवत होते. बारा वर्षांची पोर! मला इतका राग आला की चहा तसाच ठेवून उठले. वळून बघितलं तर सर एका बाजूला मातीत बसून चिंचोके मोजत होते. वर न बघता म्हणाले, "खरं बोलली, म्हून राग आला. खोटं असतं तर तुमी हसला असता." घाटातल्या जीपमध्ये मी दिंद्रुडपर्यंत तेच घोळवत आले. त्या दिवशी घरी भाजीत मीठ दोनदा पडलं.

हळूहळू सुधारले मी, खोटं कशाला बोलू. सतराचे तेरा झाले, तेराचे नऊ. पण नऊवर गाडी जी अडकली ती अडकली. शेवटचा पाठ आठ दिवसांवर आला. सासऱ्यांनी दुकानात माझ्या जागेवरची उशी धुऊन वाळत घातली.  ती बघितली आणि माझा धीर सुटला.

मग मी ते केलं जे सरांना सगळ्यात नावडतं होतं. पोरांकडून पाठ आधीच बसवून घेतला. हे बी.एड.ला चालतं, सगळीकडं चालतं, पण सरांकडं सक्त मनाई. "बसवलेला पाठ म्हंजे शिळा पाठ," म्हणायचे, "पोरं खात्यात, पण अंगी लागत न्हाई." मी सर नसलेल्या दिवशी शाळेत गेले. पाठ होता अन्नपदार्थांच्या सुरक्षेचा. सहा प्रश्न, सहा पोरं, प्रत्येकाला एक एक उत्तर वाटून दिलं. पहिल्या प्रश्नाला पहिल्यानं उठायचं, दुसऱ्याला दुसऱ्यानं. तीनदा तालीम घेतली आणि सगळ्या वर्गाला चॉकलेटं वाटली. आरतीनंही घेतलं. माझ्याकडं बघत सावकाश कागद सोडला.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक म्हणून एक बाई आल्या, बारीक काडीचा चष्मा, ओठ मिटलेले. त्या खुर्चीवर, शेजारी बाकात दुमडलेले सर. मी हसून सुरुवात केली, पहिला प्रश्न विचारला. दूध नासतं ते कशामुळं? पहिला पोरगा ताडकन उठला. "सूक्ष्मजीवांमुळे!" वा! परीक्षक बाईंनी काहीतरी लिहिलं. मला इतका आनंद झाला की दुसरा प्रश्न डोक्यातून साफ उडाला आणि मी थेट तिसरा विचारला.

"ज्वारी साठवून ठेवायच्या आधी आपण काय करतो?"

दुसरा पोरगा मोठ्या तयारीनं उठला. "उकळतो!"

  सावरायचं सोडून मी घाईघाईनं पुढचा प्रश्न टाकला.

"लोणचं टिकावं म्हणून त्यात काय घालतो?"

तिसरा उठला. "कडक उन्हात वाळत घालतो!"

"आणि ज्वारीला कीड लागू नये म्हणून?"

"मीठ आणि भरपूर तेल!" चौथी म्हणाली, आणि शाबासकीसाठी माझ्याकडं बघत उभी राहिली.

परीक्षक बाईंचं पेन थांबलं. मी सरांकडं बघितलं. त्यांनी मुठीतले चिंचोके एकही खाली न ठेवता सगळेच्या सगळे खिशात टाकले. त्याचा अर्थ मला कळला. मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या क्षणी मला दुकान दिसलं, ती धुतलेली उशी दिसली, आणि आयुष्यभराचे ब्लाऊजपीस दिसले.

तेवढ्यात आरती उठली. तिला मी सहावं उत्तर दिलेलं होतं.

"मॅडम, थांबा. आपलं चुकलंय." मग परीक्षक बाईंकडं वळून म्हणाली, "हे पाठ केल्यालं हाय. मॅडमनी चॉकलेट दिलतं. आमी खाल्लं, म्हून आमचीबी चुकी हाय."

"तू कोण?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"मी सल्लागार मंडळाची अध्यक्ष."

परीक्षक बाईंनी सरांकडं बघितलं. सरांनी शर्टाच्या खिशातून खडूसकट एक घडी घातलेला कागद काढला आणि सही-शिक्क्याच्या यादीची प्रत त्यांच्यापुढं ठेवली. बाईंनी ती दोनदा वाचली.

"मग आता काय सल्ला आहे अध्यक्षांचा?" त्यांनी विचारलं. त्या हसत होत्या का रागावल्या होत्या, मला आजही सांगता येणार नाही.

"मॅडमनी वही ठिवावी," आरती म्हणाली, "आन् आमाला खरं खरं विचारावं."

मी वही टेबलावर पालथी ठेवली.  समोर पोरं होती, आणि पहिल्यांदाच मी त्यांच्याकडं नीट बघितलं. दुसरं काही सुचेना म्हणून खरं तेच बोलले. "मला खरंच माहीत नाही. आमचं कापडाचं दुकान आहे, आम्ही ज्वारी विकत आणतो. तुमच्या घरी वर्षाची ज्वारी ठेवतात कशी?"

मग काय! आधी एक हात वर आला, मग सात, मग हात वर करायचंच पोरं विसरली. कुणाकडं पत्र्याची कोठी, कुणाकडं शेणानं सारवलेली कणगी. लिंबाचा पाला घालायचा का राख, यावर मागच्या दोन बाकांत भांडण लागलं. पाला कशानं चालतो, मी विचारलं. कडू असतो म्हून, एक म्हणाला. मग किडीला चव कळते का, दुसऱ्यानं विचारलं, आणि वर्ग पुन्हा पेटला. एक पोरगी एरवी तोंड उघडायची नाही. ती म्हणाली, आमी ऊसतोडीला जातो तवा आजी बाजरीच्या खारोड्या बांधून देती, सा महिने टिकत्यात. कशा टिकतात, मी विचारलं. तिनं मीठ, ऊन, कोरडं फडकं, सगळं उभं राहून सांगितलं. माझ्या टाचणवहीतले सगळे मुद्दे पोरांच्या तोंडून येऊन फळ्यावर गेले, आणि वर दोन जास्त. शेवटी मला राहवलं नाही, मी आरोग्यावर थोडं प्रवचन केलं. टक, टक, टक, टक. चार! तो आवाज ऐकून मला रडायलाच आलं, आनंदानं. चिंचोके खिशातून परत बाहेर आले होते.

बसवलेल्या पाठाचे मार्क परीक्षक बाईंनी कापले, ते बरोबरच होतं. उरलेले पास होण्यापुरते निघाले, वर एक. सरांनी माझ्या वहीत लिहिलं, "मुले आत होती. पाठ हरवला. शोधू नये." मग बाकातून कसेबसे सुटून उभे राहिले, गुडघे चोळले आणि चारही चिंचोके माझ्या हातावर ठेवले.

"घ्या, बाई," म्हणाले.

नुसतं बाई. मी तिथं शाळेच्या व्हरांड्यात हुंदके देऊन रडले, आणि आरती मला पाणी घेऊन आली.

दिंद्रुडला सासऱ्यांनी चष्मा लावून ती वही सगळी वाचली. "शोधू नये, म्हंजे काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मामा, ते आमचं मास्तर लोकांचं असतं. त्यांनी मान हलवली आणि उशी उचलून नवऱ्याच्या जागेवर टाकली.

आता मी धारूरकडच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. सर रिटायर होऊन गावी शेतात राहतात, बांधावर चिंचेची चार झाडं आहेत. दर उन्हाळ्यात मला डबाभर चिंचोके पाठवतात. आमच्याकडं बी.एड.ची पोरंपोरी सरावाला येतात, आणि आल्या आल्या मी त्यांना सात सल्लागारांची ओळख करून देते. काही हसतात. शनिवारनंतर हसत नाहीत.

यंदाच्या तुकडीत एक मुलगी आली, साडी नवी, पिना जागोजाग टोचलेल्या. हसली तेव्हा समोरचा तुटका दात दिसला.  मी चिंचोक्यांची मूठ भरून घेतली आणि शेवटच्या बाकावर पोरांत जाऊन बसले. आरती सुरुवातीला भिंतीकडं बघत होती! मी मनापासून चिंचोके ठेवले, अजिबात दया केली नाही. अर्ध्यावर मात्र तिनं वही बंद केली, पोरांच्या मधे येऊन उभी राहिली आणि काहीतरी विचारलं, आणि माझ्या शेजारचा पेंगणारा पोरगा एकदम बाकावर चढला. तिथून पुढं मला नीट दिसेना.

पाठ संपल्यावर ती सरळ माझ्या बाकाशी आली आणि स्वतःच मोजायला लागली. "अकरा," म्हणाली. "तुमचे सतरा होते, मॅडम."

मी सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "द्या फोन त्या होणाऱ्या बाईंना."

आरतीनं फोन घेतला. अध्यक्ष असतानाचा तोच आवाज.

"सर, अकरा पडले. पण त्यातले दोन मॅडमच्या हातून सुटले. मागं बसून रडत होत्या त्या. ते दोन धरायचे न्हाईत."

पलीकडून सर हसले ते मला लांबून ऐकू आलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "मंग नऊ धरा, बाई."

पहिल्याच पाठाला! मला मेलीला दोन वर्षं लागली होती.